हे दुखणे अंगावर काढू नका



ताप आला, कंबर धरली की आपण चारचौघींत सांगतो. अंगावरून पांढरे जाते, त्याला वास येतो, हे मात्र सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. माझ्या धाकट्या जावेने हे दुखणे वर्षभर अंगावर काढले. दिवसातून दोनदा साबणाने आतून धुवायची, तरी वास जाईना. कुणी म्हणे उष्णता, कुणी म्हणे हाडे झिजतात. पुढे घरात संशयाची कुजबुज सुरू झाली. तेव्हा मी तिला सरकारी रुग्णालयात नेले.

डॉक्टरीणबाईंनी सारे नीट समजावले. योनीमार्गात उपयोगी जंतू असतात. ते आम्ल तयार करतात, म्हणून इतर जंतूंना थारा मिळत नाही. ते घटले की इतर जंतू माजतात. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. पातळ, करडट-पांढरा स्राव आणि मासळीसारखा वास ही त्याची खूण. आतून साबण लावल्याने उपयोगी जंतूंचेच नुकसान होते. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरे. शरीरसंबंधाशी या आजाराचा संबंध आहे, पण एकनिष्ठ संसार करणाऱ्या बाईलाही तो होतो. त्यावरून तिच्या चारित्र्याचा निवाडा करता येत नाही.

जावेला मेट्रोनिडॅझोलच्या सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिने त्या पूर्ण घेतल्या आणि वास गेला. हा आजार उलटतोही. नवऱ्यालाही औषध दिले तर उलटण्याचे प्रमाण घटते, असे २०२५ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांना आढळले. म्हणून पुढच्या खेपेला धाकटे दीर स्वतः तिच्याबरोबर गेले. घरातली कुजबुज थांबली.

हा आजार असताना एचआयव्हीची लागण होण्याचा आणि गरोदर बाईला अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याचा धोका वाढतो. तेव्हा लाजून चालणार नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या जेमतेम आठ!

आपल्या घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले. त्यांना किळस आली नाही. मग आपल्याच लेकीसुनांच्या दुखण्याची आपल्याला लाज का? विहारात वंदनेनंतर महिला बसतात, तिथे हा विषय काढा. एकीने तोंड उघडले की दुसरीला दवाखान्याची वाट सापडते.