टिंबाएवढा स्वर

इटलीच्या पूर्व अंगाला, आपेनाइन डोंगर आणि एड्रियाटिक समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात एक भाषा नांदून गेली. अभ्यासक तिला दक्षिण पिसीन म्हणतात. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या ते चौथ्या शतकांतले जेमतेम 23 लेख, एवढाच तिचा मागे उरलेला संसार.

त्या लेखांतली टिंबं माझ्या मनातून जात नाहीत. 'ओ' हे अक्षर मुळात वाटोळं. पण दगडात वर्तुळ कोरणं म्हणजे जिकिरीचं काम. ते आकसत गेलं आणि शेवटी टिंब झालं. 'फ'ची एकावर एक असलेली दोन वर्तुळं आकसून दोन टिंबं झाली. पुढे वाचणाऱ्यांनी ही टिंबं विरामचिन्हं समजून सोडून दिली! आन्ना मारिनेत्ती या इटालियन विदुषीने 1985 साली सगळे लेख नव्याने वाचून मांडले, तेव्हा ती बोलू लागली. पेन्ना सांतआंद्रेआ गावच्या शिळांवर हे लोक स्वतःला 'साफिन' म्हणवतात. त्यातला 'फ' म्हणजे तीच दोन टिंबं. माणसं आपलं नाव सांगत होती, आणि ऐकणाऱ्याला तिथे नुसता विराम दिसत होता.

त्याच शिळांवर 'नेर्फ' आहे, म्हणजे पुढारी पुरुष. आपल्या 'नर'चं हे दूरचं भावंड. कास्तिन्यानोच्या दगडावर तर 'मातेरेइह् पातेरेइह्'. आधी आई, मग बाप. पुढे 'सुआइस मानुस', स्वतःच्या हातांनी. त्या 'सुआइस'मध्ये आपला 'स्व' ऐकू येतो आणि जीव गलबलतो. कुणी तरी आईबापांसाठी हा दगड उभा केला, आणि आपल्या हातांनी केला हे सांगायला विसरलं नाही.

इसवी सनापूर्व 268 मध्ये रोमने हा मुलूख, म्हणजे पिसेनम, जिंकला. हळूहळू बाजार लॅटिनचा झाला, नवसही लॅटिनचे झाले. कधी तरी त्या घरांतली अंगाईसुद्धा.

बेल्लान्तेच्या शिळेवर एक माणूस उभा कोरलेला आहे आणि त्याच्याभोवती अक्षरं फिरली आहेत: 'पोस्तिन वियाम विदेतास'. वाटेने जाता जाता पाहता तुम्ही. तेतिस आलिएसची ही समाधी. वाटसरूशी बोलणारं हे वाक्य मी हळूच उच्चारून पाहते. 'पोस्तिन'. दगडावर 'प'च्या पुढे नुसतं टिंब आहे. माझे ओठ मात्र गोल होतात.