‘नाही’चे आयुष्य

वैशेषिकांनी अभावाला पदार्थांच्या यादीत जागा दिली आणि त्याचे चार प्रकार मानले गेले. घट घडण्यापूर्वीचे त्याचे नसणे तो प्रागभाव. तो फुटल्यानंतरचे नसणे तो प्रध्वंसाभाव. वायूला रूप नसणे हा अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव. काव्यशास्त्र शिकताना आणि पुढे शिकवताना ही विभागणी आम्ही वाटेत ओलांडून जाण्याची पायरी समजत आलो. तिची खरी निकड आम्हांला जाणवली ती इंटरनेटच्या नामव्यवस्थेपाशी, हे थोडे चमत्कारिक असले तरी खरे आहे.

एका संगणकाला दुसरा सापडतो तो अंकी पत्त्यावरून. माणसाच्या ध्यानात मात्र राहते ते नाव. या दोहोंची सांगड पूर्वी एका साध्या फायलीत लिहिलेली असे. होस्ट्स डॉट टीएक्सटी नावाची ही फाईल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळी आणि जाळ्यातील इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढले तशी ही एकहाती वही अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली. तीत वही एक राहिली नाही; अधिकार वाटले गेले. मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरला ‘कॉम’ वा ‘इन’ची वही कोणाकडे आहे एवढेच ठाऊक, त्या वहीदाराला पुढल्या नावाचा वहीदार ठाऊक. ज्याची नोंद त्याने सांगावी, इतरांनी फक्त बोट दाखवावे, अशी ही व्यवस्था आहे.

या वह्यांत डोकावण्यासाठी पूर्वी आज्ञावलीच्या काळ्या खिडकीत शिरावे लागे. आता ते काम ब्राउझरमधूनही होते. गूगलने २००९ मध्ये सुरू केलेल्या सार्वजनिक डीएनएस सेवेला एक वेब एपीआय आहे: पत्त्याच्या ओळीत हवे ते नाव आणि नोंदीचा प्रकार लिहिला की जेसन नावाच्या सुटसुटीत मांडणीत उत्तर येते. ‘ए’ प्रकार मागितला तर अंकी पत्ता, ‘एमएक्स’ मागितला तर टपाल कोणी स्वीकारायचे ते, ‘टीएक्सटी’ मागितला तर मालकाने लिहून ठेवलेला मजकूर. उत्तराच्या आरंभी ‘स्टेटस’ म्हणून एक अंक असतो. साहित्याच्या माणसाने लक्ष द्यावे ते या अंकाकडे.

आम्हांला ते द्यावे लागले एका पीएचडीच्या मौखिकीमुळे. प्रबंध इंटरनेटवरील आरंभीच्या मराठी लेखनावर होता आणि तळटीपांत संकेतस्थळांचे पत्ते ओळीने उभे होते. परीक्षकांनी त्यांतील काही उघडून पाहिले, उघडले नाहीत. तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “ही स्थळं कधी होती तरी का?” प्रश्न दुष्ट नव्हता. यंत्राकडून लेखन करवून घेण्याच्या आजच्या दिवसांत कधीच न छापलेली पुस्तके आणि कधीच नसलेले पत्ते संदर्भसूचीत येऊन बसतात, हे आपण सारेच पाहतो आहोत. पण समोर बसलेल्या विद्यार्थिनीची काही वर्षांची मेहनत त्या एका प्रश्नावर टांगली गेली होती. शंकानिरसनासाठी मुदत मिळाली आणि विभागातर्फे पडताळणीचे काम आमच्याकडे आले.

आम्ही एकेक नाव त्या एपीआयला विचारत गेलो. न उघडणारी सगळी पाने ब्राउझरमध्ये सारखीच दिसतात. इथे मात्र त्या मौनाचे प्रकार पडू लागले. काही ठिकाणी स्टेटस शून्य होता, पण उत्तराचा रकाना नव्हता: नाव आहे, या प्रकारची नोंद नाही. काही ठिकाणी स्टेटस २ आला: चौकशी तडीस गेली नाही. वरच्या वहीत नाव असूनही ज्याच्याकडे बोट दाखवले तो वहीदार बोलत नसला, तरी असे होते. आणि काही ठिकाणी ३ आला: असे नावच नाही.

हा ३ अंक हाती आल्यावर आम्ही थबकलो. परीक्षकांच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, असे क्षणभर वाटावे. पण ते नव्हे. ‘नाव नाही’ हे वाक्य केवळ वर्तमानकाळातले आहे. नाव कधी कोणी घेतलेच नसेल तरी ३ येतो आणि पंधरा वर्षे नांदून, नूतनीकरण थांबून ते वहीतून उतरले असेल तरी ३च येतो. प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव या यंत्राला एकच. विद्यार्थिनीचे भवितव्य मात्र नेमके या दोहोंतील फरकावर उभे होते: बनावट संदर्भ आणि दिवंगत संदर्भ यांत जो फरक असतो तो हाच.

उरलेले दोन अभावही या व्यवस्थेत भेटतात. १९९९ मध्ये ‘डॉट इनव्हॅलिड’ ही अखेर मुद्दाम राखून ठेवली गेली, ती तिच्याखाली कधीच कोणते नाव नांदू नये म्हणून. याहून शुद्ध अत्यंताभाव कोणी रचला असेल असे वाटत नाही. आणि अन्योन्याभाव तर मराठी माणसाच्या घरचाच. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ ही अखेर मिळते. पण डीएनएसच्या वहीत ती देवनागरीत जात नाही. युनिकोडमधील नावाचे २००३ मध्ये ठरलेल्या प्युनिकोड पद्धतीने रोमन अक्षरांत आणि अंकांत रूपांतर होते. ‘भारत’ तिथे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ अशा वेशात वावरतो. आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ घ्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धचंद्री र; युनिकोडमध्ये र आणि ऱ ही वेगळी अक्षरे, म्हणून वहीत ही दोन वेगळी नावे. तळटीपेत टंकलेखकाने एकाच्या जागी दुसरे लिहिले, तर यंत्र जे ‘नाही’ म्हणेल ते भलत्याच नावाबद्दल असेल. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्यांना इतका कडक परीक्षक लाभलेला नाही.

याउलट ‘आहे’ हे उत्तरही निर्धास्त करणारे नसते. यादीतील एका नावाला अंकी पत्ता व्यवस्थित मिळाला. पान उघडले तर तिथे जुगाराची जाहिरात. सुटलेले नाव दुसऱ्याने उचलले होते. हा परकायाप्रवेशच: नाव तेच, आत राहणारा वेगळा. नोंद नावाची साक्ष देते, मजकुराची नाही.

मग साक्ष मिळाली कुठे? काही स्थळांची पाने इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तारखेसह सापडली. काहींची विद्यार्थिनीच्या मार्गदर्शकांच्या कपाटात निघाली: ब्राउझरने छापलेली, पिवळी पडू लागलेली पाने, ज्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत पत्ता आणि छपाईचा दिवस होता. एका नावाचा पुरावा कुठेच मिळाला नाही. प्रबंधात ते तसेच राहिले. त्याच्यापुढे ‘पडताळणी करता आली नाही’ एवढे वाक्य वाढले. परीक्षकांनी ते स्वीकारले, आणि त्यांनी ते स्वीकारले याचे आम्हांला बरे वाटले. एका पत्त्याच्या मौनावरून उरलेल्या साऱ्यांवर निकाल देणे अन्यायाचे झाले असते.

या खटाटोपात एक गोष्ट मनात राहिली. डीएनएसचे प्रत्येक उत्तर स्वतःचे आयुष्य सांगते. प्रत्येक नोंदीबरोबर ‘टीटीएल’ नावाचा सेकंदांचा आकडा येतो: एवढा वेळ हे उत्तर जपून वापरा, नंतर पुन्हा विचारा. तेच नाव थोड्या वेळाने विचारले तर बहुधा तो आकडा उतरलेला दिसतो. साठवलेले उत्तर आपल्यासमोर म्हातारे होत असते. आणि ही मुदत होकारालाच आहे असे नाही, नकारालाही आहे. ‘असे नाव नाही’ हे वाक्यदेखील ठरलेल्या सेकंदांपुरतेच धरायचे असते.

आपल्या संदर्भपद्धतींनी मात्र उलट वाट धरलेली दिसते. एमएलएच्या २००९ च्या सातव्या आवृत्तीत वेबस्रोतासाठी पाहिल्याची तारीख आवश्यक होती, पत्ता ऐच्छिक झाला होता. २०१६ च्या आठव्या आवृत्तीत पत्ता परतला आणि तारीख ऐच्छिक झाली. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आता दोन्ही लिहायला सांगतो आणि पानाची एक प्रत जवळ ठेवायला सांगतो. तारखेविना दिलेला पत्ता म्हणजे आयुष्य न सांगणारे उत्तर. ज्या यंत्रणेला भूतकाळ मुळी ठाऊक नाही, तीदेखील आपल्या शब्दाची मुदत सांगितल्याशिवाय बोलत नाही. भूतकाळ हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आपण निदान तेवढे तरी पाळावे.