क्षयरोग : धड्यातल्या तीन ओळींच्या पुढे



क्षयरोगाबद्दल वर्गात बोलायचं म्हटलं की आपण साधारण तीन ओळी सांगतो. तो हवेतून पसरतो, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, आणि बाळाला बीसीजीची लस द्यावी. परीक्षेपुरतं हे पुरतं. पण वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या घरी हा आजार निघाला, तर लोकांच्या लक्षात फक्त 'पसरतो' हा एकच शब्द राहिलेला असतो.

माझ्या चौथीच्या वर्गात तसंच झालं. एका मुलीच्या वडिलांना क्षयरोग झाला. दोन दिवसांत तीन पालक शाळेत आले. "बाई, तिला वेगळं बसवा. निदान डबा तरी वेगळा खाऊ दे." त्यांची भीती खोटी नव्हती, त्यामुळे रागावून काही उपयोग नव्हता. मुलीच्या आईची परवानगी घेऊन मी त्यांच्याशी बोलले.

फुफ्फुसाचा क्षयरोग असलेला माणूस खोकतो, तेव्हा जंतू हवेत येतात. कोंदट जागेत त्याच्याबरोबर बराच काळ राहिलं तर लागण होऊ शकते. ताट, डबा, कपडे किंवा हात मिळवणं यातून हा आजार होत नाही. योग्य औषधं नियमित सुरू झाली की काही आठवड्यांतच पसरण्याचा धोका खूप कमी होतो. शिवाय मुलीची तपासणी झाली होती, तिला आजार नव्हता. मग तिच्यापासून कुणाला काय होणार?

एका पालकांनी विचारलं, "मग पूर्वी पेशंटला गावाबाहेर का ठेवायचे?" प्रश्न चांगला होता. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणून 24 मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. पण कारण कळलं तरी औषध नव्हतं. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आपल्या आनंदीबाई जोशी 1887 मध्ये याच आजारानं गेल्या, वय अवघं 21. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिलं परिणामकारक औषध सापडलं ते 1943 मध्ये. पुढे 1950 च्या दशकात मद्रासमध्ये काही रुग्णांवर घरीच आणि काहींवर सॅनेटोरियममध्ये उपचार करून तुलना केली गेली. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. औषध नव्हतं तेव्हाची भीती आपण औषध आल्यावरही सांभाळून ठेवली आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. पण महिना-दीड महिन्यातच खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते, आणि माणूस म्हणतो, आता कशाला गोळ्या? मुलांना मी हरळीचं उदाहरण दिलं. वरवर खुरपलं की रान स्वच्छ दिसतं, पण मुळी राहिली तर पाऊस पडताच पुन्हा हिरवं. उरलेले जंतू औषधाला दाद न देणारेही होऊ शकतात. मग उपचार जास्त अवघड होतो.

त्याच दिवशी फळ्यावर गणित घातलं : 28 दिवसांचा एक महिना धरला, तर सहा महिन्यांत किती डोस? मुलांनी गुणाकार केला, 168. त्या मुलीनं घरी जाऊन कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात वडील ऊसतोडीला निघायचं म्हणत होते, "बरं वाटतंय आता." तिनं कॅलेंडर पुढं धरलं, असं तिच्या आईनं मला सांगितलं. आशाताईंनीही समजावलं. गोळ्यांची सोय झाल्यावरच ते गेले, आणि कोर्स पूर्ण केला.

आपल्याला करता येण्यासारखं बरंच आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन, थुंकीतून रक्त, यांपैकी काही कुणाच्या घरी असेल तर सरकारी दवाखान्यात पाठवा. तपासणी आणि औषधं मोफत आहेत. घरी रुग्ण असेल तर मुलांचीही तपासणी करायला सांगा; आजार नसला तरी डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या सुचवू शकतात. औषधानं लघवी केशरी होते, त्याला घाबरून गोळ्या बंद करू नयेत, हेही सांगा. उलट्या होऊ लागल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावं. पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 500 वरून 1000 रुपये झाली आहे. त्यासाठी बँक खात्याची माहिती द्यावी लागते, तो फॉर्म भरायला पालकांना मदत करा.

आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवा. मोकळी हवा आणि ऊन या आजारात खरंच उपयोगी पडतात.