निघताना थोडी थंडी वाजू द्या

पुण्यात जानेवारीच्या पहाटे सायकल बाहेर काढणाऱ्याला घरातून पहिला सल्ला मिळतो तो स्वेटरचा. मागोमाग कानटोपी आणि मफलर येतातच. सल्ला मायेचा असतो, पण तो दारात उभ्या राहणाऱ्या माणसासाठी असतो, पॅडल मारणाऱ्यासाठी नव्हे. सायकल चालवताना आपण जी ऊर्जा खर्च करतो, तिचा जेमतेम पाव भाग चाकापर्यंत पोचतो. बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. म्हणून घरातून निघताना अंगावर शहारा आलाच पाहिजे. स्वारगेटहून निघालेल्याचा तो दांडेकर पूल येईपर्यंत जातो. ज्याला दारातच उबदार वाटतं, तो धायरी फाट्यापर्यंत घामाघूम होतो, आणि पुढची सगळी थंडी त्या घामामुळे वाजते.

पुण्याची अडचण अशी की पहाटे पारा 10-11 अंशांवर असतो आणि दुपारी तोच 29-30 वर जातो. एकाच फेरीत दोन ऋतू भेटतात. त्यामुळे कपडा किती उबदार आहे यापेक्षा तो चालत्या सायकलवर काढता येतो का आणि घडी करून जर्सीच्या मागच्या खिशात मावतो का, हे मी आधी बघतो. स्वेटर या परीक्षेत नापास होतो. अस्तर नसलेलं पातळ विंडचीटर पास होतं. सुट्या बाह्याही पास होतात. पुण्यातल्या स्कूटरवाल्या मुली ज्या बाह्या उन्हासाठी घालतात, त्याच पहाटे थंडीसाठी चालतात. महागड्या दुकानातल्या ‘आर्म वॉर्मर’पेक्षा त्या फारशा कमी पडत नाहीत, असं माझं मत आहे.

अंगाला लागून मात्र सुती बनियन नको. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. जाळीदार पॉलिएस्टर तो बाहेर टाकतं. लोकरीची पातळ बनियन मिळाली तर उत्तमच, कारण लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते.

खरा अभ्यास सिंहगडाच्या वाटेवर होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आणि गडमाथा 1,300 मीटरच्या आसपास. हवा दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, या हिशोबाने वर पाच अंश जास्त थंडी हवी. हिवाळ्याच्या पहाटे उलटंच होतं. खडकवासला मागे टाकून डोणज्याकडे निघालं की बोटं बधिर होतात, ब्रेक दाबल्याचं कळत नाही. धरणाच्या पाण्याचा गारठा म्हणून आपण तो सोडून देतो. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते आणि खोलगट भागात येऊन साचते. गोळेवाडीहून घाट चढायला लागलं की काही वळणांतच आपण त्या साचलेल्या थंडीच्या वर येतो. वेधशाळेचं किमान तापमान एक आकडा सांगतं, पण रस्त्यावर तो आकडा वळणावळणाला बदलतो. म्हणून मी कपडे पाऱ्यावर नाही, चढउतारावर ठरवतो. डोणज्यापर्यंत सगळं अंगावर, घाटाच्या पायथ्याशी विंडचीटर खिशात, बाह्या मनगटापर्यंत खाली.

उतारावर सगळा हिशोब पुन्हा फिरतो. घाम अंगावर, पाय रिकामे आणि समोरून वारा. 10 अंशांच्या हवेत ताशी 25 किलोमीटर वेगाने गेलं की त्वचेला ती हवा 7 अंशांसारखी लागते. म्हणून वर कांदाभजी आणि दही खात ओल्या बनियनवर बसून राहू नये. थांबल्याबरोबर विंडचीटर चढवावं, ‘थंडी वाजली की घालू’ म्हणू नये. ते घरी राहिलं असेल तर जुना युरोपी उपाय आहे. आल्प्सच्या खिंडी उतरण्याआधी शर्यतीतले सायकलस्वार जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र सरकवत. भजीवाल्याकडचा एखादा कोरडा कागद तेच काम करतो. रंगीत पुरवणीचा गुळगुळीत कागद मात्र घेऊ नका, तो घाम शोषत नाही आणि छातीवर टिकतही नाही.

हातमोजे ही एकच गोष्ट मी चढावरही काढत नाही. लोकरीच्या मोज्यांतून वारा आरपार जातो, पुढून वारा अडवणारे हवेत. कानांना पातळ पट्टी पुरते. जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही.

आणि एक विनंती. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे सहाला निघणाऱ्याची पहिली वाट अंधारातलीच, आणि त्याच वेळी सिंहगड रस्त्यावर दुधाचे टेम्पो धावत असतात. विंडचीटर घेणारच असाल तर पिवळं किंवा नारिंगी घ्या, पाठीवर चमकणारी पट्टी असलेलं. काळं दुकानात कितीही रुबाबदार दिसलं, तरी नको.