मजुरीचा रकाना

माध्यमिक शाळेत उद्योजकता शिकवायला माझा विरोध होता आणि शिक्षकांच्या बैठकांमध्ये मी तो उघडपणे मांडत असे. आज मी त्याच विषयाची बाजू घेतो. ज्यांच्यासमोर इतकी वर्षं एक बाजू लढवली, त्यांना दुसरीकडे का आलो हे सांगायला हवं.

मी इतिहास शिकवतो आणि विरोधही इतिहासातूनच आला होता. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, या मुद्द्यावर तेव्हाच टीका झाली. पुढे 1953 मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा असं ठरवलं. घरचा व्यवसाय म्हणजे जातीचा व्यवसाय, हे ओळखून द्रविड चळवळीने रान उठवलं. 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले आणि ती योजना गुंडाळली गेली. हे सगळं ठाऊक असताना ‘मुलांना लहानपणीच धंद्याचं वळण लावू’ असं कुणी म्हणालं, की माझा पहिला प्रश्न असे, कुणाच्या मुलांना? डॉक्टरांची मुलं क्लासला जाणार आणि ऊसतोड कामगारांची मुलं टपरी चालवायला शिकणार, अशी मला भीती वाटे. ती भीती मी आजही सोडलेली नाही.

शाळाशाळांतून भरणारे आनंद बाजार पाहून माझं मत आणखी पक्कं होई. माल घरचा, पहाटे उठून केलेले कष्ट आईचे, गिऱ्हाईक म्हणजे पालक आणि आम्ही शिक्षक. संध्याकाळी गल्ल्यात जमलेली सगळी रक्कम नफा म्हणून जाहीर व्हायची.

माझ्या विचारांना वेगळी दिशा मिळाली ती नववीच्या एका वहीमुळे. आमच्या चार मुलांनी चिक्की करून एसटी स्टँडवर विकली. खर्च त्यांनी नीट मांडला होता. किलोभर शेंगदाणे 140 रुपये, किलोभर गूळ 60, तूप 10, गॅस 20, पिशव्या 18, एकूण 248. शंभर ग्रॅमची अठरा पाकिटं वीस रुपयांप्रमाणे विकून 360 आले. नफा 112 रुपये, खाली दोन रेघा.

गणिताच्या बाईंनी वही पाहिली आणि विचारलं, “तुमची मजुरी कुठं धरलीय?”

“बाई, आम्ही तर घरचेच!”

“घरच्यांना मजुरी नसते?”

चौघांनी तीन-तीन तास काम केलं होतं. बारा तासांना 112 रुपये, म्हणजे तासाला नऊ रुपये आणि वर काही पैसे. वर्ग एकदम हिशोबाला लागला. पाकीट पंचवीसला खपेल का? शेंगदाणे मोंढ्यातून आणले तर? भाजणं आणि कुटणं एकाच वेळी चाललं तर वेळ किती वाचेल? त्यातच एक मुलगी म्हणाली, “माझी आई किलोवर पापड लाटून देते. तिचा तास केवढ्याला पडतो?” घरी मायलेकींनी बसून तो हिशोब काढला आणि पुढच्या ऑर्डरीला आईने किलोमागे वाढवून दर मागितला.

मी ज्या शोषणाबद्दल वर्गात बोलत होतो, ते ओळखायचं साधन त्या मुलीच्या हाती एका रकान्याने दिलं. आपल्या कष्टाची किंमत काढता येणं ही धंदेवाल्यांपुरती विद्या नव्हे. मजुरी ठरवणाऱ्याला, शेतमाल विकणाऱ्याला, नोकरीचा करार वाचणाऱ्याला, सगळ्यांनाच ती लागते.

मग मी जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेलं निवेदन या प्रश्नासाठी पुन्हा वाचलं. प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला हिशोब आणि शेतीचं ज्ञान हवं, अशी मागणी त्यांनी केली आहे. जातीच्या चौकटीवर घाव घालणारा आणि स्वतः बांधकामाची कंत्राटं घेणारा हा माणूस बहुजनांच्या मुलांसाठी हिशोब मागतो, कारण सावकार आणि कुलकर्णी त्यांना कुठे नाडतात हे त्याने पाहिलं होतं.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची पद्धतही मला पटली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला. तिथे तयार झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी आहे. आठवड्यातला एक दिवस मुलं अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या विभागांत काम करतात आणि गावाला लागणाऱ्या गोष्टी करून देतात. चारही विभाग प्रत्येकाला असतात. सुताराच्या मुलाच्या हाती फक्त रंधा आणि मुलीच्या हाती फक्त पोळपाट, असं तिथे होत नाही. मद्रासच्या योजनेची दिशा याच्या नेमकी उलटी होती.

म्हणून माझा पाठिंबा अटींवर आहे. प्रत्येक मुलाने प्रत्येक काम करावं. गिऱ्हाईक शाळेबाहेरचं असावं, कारण आईबाप चिक्की कडक झाली तरी घेतात. मजुरीचा रकाना भरल्याशिवाय नफा लिहू नये. तोटा आला तर गुण कापू नयेत. तो का आला हे मांडणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. मिळालेल्या पैशाचं काय करायचं हे मुलांनी ठरवावं, शाळेने त्यातून खडूसुद्धा विकत घेऊ नये. आणि हे काम वेळापत्रकात असावं. सुट्टीच्या दिवशी उरकलं, तर ज्यांना घरी रोजगाराला किंवा भावंडं सांभाळायला जावं लागतं तीच मुलं पहिली गळतील.

वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न बैठकीत दरवेळी येतो. नववीच्या इतिहासाचा आठवड्यातला एक तास मी यासाठी द्यायला तयार आहे, आणि तसं मुख्याध्यापकांना लेखी कळवलं आहे.