बारगिराच्या गावची पोर

शांतिनिकेतनला शिकायला जायचे ठरले तेव्हा नागपूरच्या घरून तीन जिन्नस बरोबर मिळाले. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या, आजीने उपदेश दिला आणि आजोबांनी थोरल्या रघूजी भोसल्यांचा अभिमान दिला. आम्ही महालात राहणारे. भोसल्यांचे नाव आमच्याकडे घरच्या माणसाचे घ्यावे तसे घेतात. "आपल्या रघूजींनी बंगालची चौथाई वसूल केली होती, बरं का! तिकडे मान ताठ ठेवून राहा," आजोबा म्हणाले. पुऱ्या रायपूरच्या पुढे संपल्या. उपदेश हावड्यापर्यंत पुरला. अभिमानाचे काय झाले, तीच हकिगत सांगायची आहे.

हावड्याला गाडी बदलायची. बर्धमानपर्यंत दोन्ही अंगांना भाताची हिरवी खाचरे आणि मधूनमधून तळी. पुढे माती हळूहळू तांबूस होत जाते आणि बोलपूर येते. तिथून सायकलरिक्षाने थोडे गेले की शांतिनिकेतन. महर्षी देवेंद्रनाथांनी 1863 साली ही उजाड माळाची जमीन घेतली. 1901 मध्ये रवींद्रनाथांनी तिथे मूठभर मुलांची शाळा काढली आणि 1921 मध्ये विश्वभारती उभी केली. सारे विश्व एका घरट्यात यावे, हे तिचे ब्रीद. 2023 साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा मान दिला. पण आंब्याच्या सावलीत आसने टाकून बसलेली लहान मुले पाहिली की वाटते, ही जागा तशा मानाची वाट पाहत बसली नसावी.

पहिला धक्का बसला तो शिक्षकांना हाक मारण्याचा. इथे 'सर' नाहीत नि 'मॅडम' नाहीत. पुरुष असेल तर नावापुढे 'दा', बाई असेल तर 'दी'. नागपूरला प्राध्यापकांपुढे मान वर न करणारी मी. दाढीवाल्या विद्वान गृहस्थाला 'अमुकदा' म्हणून हाक मारायला मला पंधरा दिवस लागले.

आमच्या वर्गात इंफाळचा एक मुलगा, ढाक्याची एक मुलगी, जपानहून आलेली एक मुलगी, शेजारच्याच गावचा एक संथाळ मुलगा आणि बाकीचे बंगाली. महाराष्ट्रातली मी एकटीच. एके दिवशी वर्गात दीदींनी काम दिले : "प्रत्येकाने आपल्या घरची एक अंगाई आणा. ती म्हणून दाखवा आणि गाणाऱ्यांविषयी ती काय सांगते ते लिहून आणा."

मला वाटले, यात काय मोठेसे! जपानी मुलीने आपल्याकडचे एक गाणे म्हटले. ते आईचे नव्हते. गरिबाघरच्या लहान मुली दुसऱ्यांची पोरे सांभाळायला राहत, त्या आपल्या नशिबाला बोल लावत ते गात. संथाळ मुलगा लाजत म्हणाला, "आई भाताची लावणी करताना जे म्हणायची, तेच ऐकत मी पाठीवर झोपायचो." मग माझी पाळी आली. मी आजीकडून शिकलेला शिवबाचा पाळणा म्हटला. शिवबा, जिजाऊ, स्वराज्य, सगळे नीट समजावून सांगितले. टाळ्या पडल्या. आजोबा असते तर त्यांची छाती फुगली असती.

माझ्यानंतर उठली ती माझ्या खोलीतली सोबतीण, कटव्याकडची. तिचा आवाज गोड. अंगाईची चाल तर इतकी मऊ, की मलाच जांभई आली. बंगाली नुकते समजू लागले होते. त्यात एक शब्द ओळखीचा वाटला, 'बर्गी'. मी शेजारणीला विचारले, "बर्गी म्हणजे कोण?" तिने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "तुम्ही."

बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याचा स्वतःचा घोडा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करतो तो बारगीर, हे आपण शाळेत शिकतो. आपल्याकडे तो शब्द आता धड्यातच उरला आहे. बंगालमध्ये तो पाळण्यात जिवंत आहे. बर्गींचे येणे, पिकाची नासाडी आणि सारा भरायची विवंचना, हे त्या गाण्यातले दुःख आहे. पावणेतीनशे वर्षे बंगाली आया ते गाऊन मुले निजवत आल्या आहेत.

वर्ग गप्प झाला. मग कुणीतरी हसले आणि त्या दिवसापासून मी वर्गात 'बर्गी' झाले. थट्टाच ती, पण रात्री मला झोप लागेना. ज्या पाळण्याने मी निजले तो पराक्रमाचा होता. ज्या पाळण्याने माझी सोबतीण निजली तो त्याच पराक्रमाच्या भीतीचा होता. शिवछत्रपती बंगालवर कधी गेले नाहीत, हे खरे. पण त्यांच्यामागून साठ वर्षांनी जे गेले त्यांचा अभिमान मी त्यांच्याच नावाबरोबर एका गाठोड्यात बांधून आणला होता.

मी ग्रंथालय गाठले. 1742 मध्ये रघूजींचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर चौथाईसाठी बंगालमध्ये उतरले. 1751 च्या तहापर्यंत स्वाऱ्या होत राहिल्या. त्या तहात नबाब अलिवर्दीखानाने ओरिसा सोडला आणि सालाना बारा लाख रुपये कबूल केले. कलकत्त्याच्या लोकांनी आणि इंग्रजांनी तर भीतीपोटी शहराभोवती खंदकच खणायला घेतला. मराठे तिथवर आलेच नाहीत, खंदकही अर्धाच राहिला. पण बागबाजारात 'मराठा डिच लेन' अजून आहे. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने तेव्हाच 'महाराष्ट्र पुराण' लिहिले. त्यात जाळलेली गावे आहेत, डोक्यावर बोचकी घेऊन पळणारी माणसे आहेत, बायकांची विटंबना आहे. ते वाचून मी पुस्तक मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा मिटले.

आणि मग मी वकिली केली! निबंधात लिहिले, की त्या काळी सगळ्याच फौजा असे करीत. नबाबाने भास्करपंतांना 1744 मध्ये बोलणी करायला बोलावून सरदारांसह दग्याने मारले, हेही ठासून लिहिले. यातले खोटे काहीच नव्हते. दीदींनी वही परत दिली. खाली एकच ओळ होती : "यात मुलाला निजवणारी आई कुठे आहे?"

पूजेची सुट्टी लागली. सोबतीण म्हणाली, "आमच्या घरी चल. कोजागरी करून मग नागपूरला जा." मी कचरत होते, पण गेले. अहमदपूरला गाडी बदलून कटव्याला उतरलो. तिथे अजय नदी भागीरथीला मिळते. जवळच दाँइहाट आहे. 1742 मध्ये भास्करपंतांनी तिथे दुर्गापूजा मांडली होती. नवमीच्या पहाटे नबाबाची फौज नदी ओलांडून तळावर तुटून पडली आणि पूजा अर्धी टाकून मराठे पळाले. सोबतिणीने जागा दाखवली. मी नदीकडे पाहत उभी राहिले. लुटीला आलेली माणसेसुद्धा देवीपुढे हात जोडत होती आणि ज्यांना लुटले त्यांचीही देवी तीच होती.

घरी तिची आजी, म्हणजे ठाकुमा, तांदळाच्या पिठाने अंगणात अल्पना काढत होती. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत लक्ष्मीची पावले. नात म्हणाली, "ठाकुमा, ही बर्गींच्या देशातली." माझ्या पोटात गोळा आला. म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "इतकी बारीक? बर्गींना तिकडे खायला मिळत नव्हतं वाटतं, म्हणून आमच्याकडे आले!" आणि माझ्या हातावर नारळाचा नाडू ठेवला.

रात्री चंद्र वर आला. आपण आटीव दूध पितो, ते लक्ष्मीची पूजा करतात. पण 'कोण जागे आहे' हा प्रश्न दोन्हीकडे तोच. मी ठाकुमाला विचारले, ती अंगाई तुम्ही कुणाकडून शिकलात? "आईकडून. ती तिच्या आईकडून. बर्गी कुणी पाहिलाय, मा? पण अंधारात पोराला जवळ घ्यायला काहीतरी निमित्त लागतं." मग जरा थांबून म्हणाली, "ज्यांनी पाहिला, त्यांना गाणं सुचलं नसेल. त्या नुसत्या धावल्या असतील."

माझा निबंध मी तिथेच, कंदिलासारख्या त्या चांदण्यात मनात लिहिला. त्यात आई आली. आणि आणखी एक गोष्ट आली. ज्या बंगालने ही अंगाई जपली, त्याच बंगालमध्ये सखाराम गणेश देऊस्कर या मराठी वंशाच्या बंगाली लेखकाच्या प्रेरणेने शिवाजी-उत्सव रुजला आणि 1904 साली रवींद्रनाथांनी त्यासाठी 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली. भीती आणि आदर, दोन्ही त्यांनी जवळ ठेवले. आम्ही घरी एकच ठेवले होते.

दिवाळीत नागपूरला आजोबांना निबंध वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आजीने पणत्या लावल्या, तरी ते तसेच बसून. शेवटी विचारले, "त्या म्हातारीने जेवायला काय घातलं तुला?"

"खिचुडी, भाजीचा लाबडा आणि नारळाचे नाडू."

"मग जाताना त्यांच्यासाठी संत्राबर्फी घेऊन जा," आजोबा म्हणाले. "चांगली दोन किलो ने. चौथाई परत करायची म्हटली तर आपल्या हाती आता एवढंच आहे."