सड्यावरची उठबस

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. उंच, सपाट, जांभ्या कातळाचा. पूर्वी न्याहारी उरकली की वाडीतली गुरं तिकडेच जायची. कुठल्या उतारावरचं गवत चरायला आणि कुठलं शाकारणीसाठी राखायचं, कुठल्या झाडाची कवळं तोडायची, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण गुराख्याच्या पोरालाही पाठ होतं. देवरहाटीतली मोडून पडलेली फांदीसुद्धा कौल घेतल्याशिवाय उचलत नसत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडले. देवाच्या धाकानं राखलेली ही रानं त्यांनी शास्त्राच्या वहीत नोंदवली.

तेव्हा सगळं गोडच होतं, असं मात्र नाही. कौल लावण्याचा मान ठरावीक घराण्यांचा होता, जमिनी खोताच्या होत्या. डोक्यावर हंडे घेऊन घाटी चढणाऱ्या बायकांना कुणी काही विचारत नसे. खरं तर कुठला झरा शिमग्यापर्यंत टिकतो आणि कुठला माघातच आटतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे झरे म्हणजे सड्याचीच करणी. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून मुरतं आणि पायथ्याशी बाहेर येतं. आमच्या आजोबांच्या आगरात ते पोफळीच्या खोडाच्या पन्हळीतून खेळवलेलं असे. पन्हळ शेवाळून हिरवीगार व्हायची आणि सांध्यातून गळणाऱ्या पाण्यावर अळू माजायचं.

आता सात-बारावर सडा पोटखराब आहे. त्यामुळे कुणी सुरुंग लावून खड्डे पाडतो, बाहेरून माती आणून भरतो आणि हापूसची कलमं लावून तारेचं कुंपण घालतो. कुणी चिरेखाण काढतो. गुरं उरली नाहीत आणि गुराख्याची पोरं मुंबईला गेली. एप्रिल उजाडला की वाडीत टँकरची चौकशी सुरू होते. सगळा दोष खाणींच्या माथी मारण्यात अर्थ नाही. बोअरवेल आम्हीच मारल्या.

सडा खरा कुणाला ठाऊक असतो, यासाठी त्यावर कोरलेल्या कातळशिल्पांचंच बघा. सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी ती शोधत सडे पालथे घालत होते, तेव्हा वाटा दाखवल्या त्या गावच्या जाणत्यांनी. कशेळीचा अवाढव्य हत्ती, बारसू, देवाचे गोठणे ही नावं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्याच बारसूच्या सड्यावर सरकारी कागदांना बव्हंशी पडीक जमीन दिसत होती. एप्रिल २०२३मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि ते रोखायला बायामाणसं रणरणत्या उन्हात कातळावर बसली.

याच माधव गाडगीळांच्या समितीनं २०११मध्येच सांगितलं होतं, की पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राच्या सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवा. ते बोलणं राहूनच गेलं. आराखडा करणारे येतात तेही बहुधा मे महिन्यात, रस्ते कोरडे असताना. तेव्हा सडा तव्यासारखा तापलेला, बोडका. त्यांनी श्रावणात यावं. कातळावर इंचभर माती, तिच्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, डबक्यांत बेडूक. सोबत एखादी पाणी भरणारी म्हातारी घ्यावी आणि नकाशावर पहिली खूण झऱ्याची करावी, रस्त्याची नंतर.